पेट्टू मेष्ट्रूच्या दोन थपडा

माझ्या वरच्या रांगेत दोन दात नाहीत. ते पेट्टू मेष्ट्रूने पाडले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि मी चोवीस. लहान पोर म्हणून मी हात राखून मारत होतो, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे आणि ते खरं आहे. त्याने हात राखला नाही. भांडण कशावरून? मी शिवलेल्या लंगोटाची शिवण तिरकी आहे असं तो म्हणाला. मी म्हटलं, शिवण सरळ आहे, तुझी मांडी तिरकी आहे. झालं. दुसऱ्या दिवशी तोच मला सायकलच्या दांडीवर बसवून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि डॉक्टरने चिमटा घातल्यावर मी ओरडलो म्हणून त्याने डॉक्टरलाही एक लगावली. "माझ्या अण्णाला दुखवतोस?" म्हणाला.

पेट्टू म्हणजे कानडीत मार. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. म्हैसूरात आमच्या गल्लीपासून विद्यापीठापर्यंत त्याला सगळे पेट्टू मेष्ट्रु म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचा अभिमान होता. घरी तो आमच्यासारखाच मराठी. पण ते मराठी इथलं. वाक्य मराठीत उठायचं आणि कानडीत जाऊन बसायचं. लहानपणापासून गरडीत, म्हणजे तालमीत, तांबड्या मातीत लोळलेला. पुढे इथल्या एका विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा मास्तर म्हणून लागला. मीही त्याच विद्यापीठाचा माणूस. चाळीस वर्षं पदवीदान समारंभाचे गाऊन मी शिवले. मी चौथीपर्यंत शिकलो, पण या गावातले जेवढे डॉक्टरेटवाले आहेत त्यांच्या पाठीवरून माझी टेप फिरलेली आहे. हे कुणी खोटं म्हणावं.

"अंगाला कळलं की डोक्याला कळतं," हे त्याचं बोलणं. म्हणून तो आधी अंगाला कळवायचा. धावायला उशिरा आलेल्याच्या पाठीत गुद्दा. पहिला आलेल्याच्या पाठीतही गुद्दा, जरा मोठा. एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून मुलींना काहीबाही बोलणाऱ्या एका तरण्या बाप्याला त्याने असा पिळला की त्याचा खांदा निखळला. तो रडायला लागल्यावर मेष्ट्रूने त्याला मांडीवर घेतलं, खांदा परत बसवला, स्वतःच्या पैशाने नारळपाणी पाजलं, आणि उठताना पुन्हा एक वाजवली. "ही कशाला, मेष्ट्रु?" तो म्हणाला. "आधीची पोरींसाठी होती. ही तू रडलास म्हणून."

दुःख झालं तरी त्याचा हातच चालायचा. त्याचे वडील गेले त्या दिवशी तो रडला नाही. गरडीत गेला आणि दगडी खांबाला ठोसे मारत राहिला. उजव्या हाताची दोन हाडं मोडली. मग माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "अण्णा, झोळीला कापड दे." मी मांजरपाट फाडला, झोळी बांधली. मी म्हटलं, खांबाने तुझं काय केलं होतं? तो म्हणाला, "तो उभा होता, अण्णा. अप्पा नाहीत आणि तो उभा." मी झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधली. माझी गाठ सहसा पहिल्या फटक्यात बसते.

विद्यापीठात मुलींना खेळ म्हणजे हलका चेंडू आणि रांगोळीची स्पर्धा. मेष्ट्रूला ते पटेना. तो माझ्याकडे आला आणि वाळूची पोती शिवून दे म्हणाला, जाड ताडपत्रीची, दहा किलोपासून चाळीस किलोपर्यंत. मी म्हटलं, मी गाऊन शिवतो, पोती नाही. तो म्हणाला, "मग तुला येत नाही म्हण." हे मला कुणी म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. आठ दिवसांत सोळा पोती दिली, दुहेरी शिवणीची. ती पोती खांद्यावर घेऊन मुली मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि हा मागून ओरडायचा, "ओझं खांद्यावर नसतं ग! तळपायात असतं! पाय बघ!" पुष्कळ प्राध्यापक येता-जाता हसायचे. त्यांच्यात हा बैल समजला जायचा. तो त्यांना शहाणे म्हणायचा, पण ज्या आवाजात म्हणायचा त्यावरून कळायचं.

त्या मुलींत एक बेट्टदपुरची होती. लहानखुरी, काळी, डोळे मोठे. सगळे तिला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत. चाळीस किलोचं पोतं उचलून उभी राहणारी ती पहिली. त्या दिवशी मेष्ट्रूने तिच्या पाठीत असा गुद्दा हाणला की ती पोत्यासकट आडवी झाली. मग दोघं मातीत बसून हसत होते. मी पोत्यांची शिवण बघायला गेलो होतो म्हणून मला हे माहीत.

मग साथ आली. विद्यापीठाला कुलूप लागलं. पोरं आपापल्या गावी कोंडली गेली, गाऊन कुणाला नको, मी मुखपट्ट्या शिवत बसलो. काही महिन्यांनी विद्यापीठाने ठरवलं की सगळ्यांनी घरूनच संगणकावर एकत्र यायचं आणि ज्याच्या डोक्यात जी नवी कल्पना असेल ती त्याने मांडायची. नाव विचारमेळा. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, प्रत्येकाला बारा मिनिटं. अध्यक्ष एक मोठे प्राध्यापक, हूटगळ्ळीच्या नव्या वसाहतीत राहणारे. पण मेळा चालवणार कोण? एकेका वक्त्याला बोलावायचं आणि वेळ संपली की गप्प करायचं. प्राध्यापकाला बारा मिनिटांत गप्प करणारा माणूस अख्ख्या विद्यापीठात एकच होता.

मेष्ट्रूच्या घरावर पत्रे. त्याचा आवाज घुमायचा. माझ्या कटिंगच्या खोलीत चारी भिंतींना कापडाची ठाणं लावलेली आहेत, तिथे आवाज घुमत नाही, आणि मुलाने बंगळूरला जाण्याआधी इंटरनेटची तार ओढून ठेवली होती. म्हणून मेळा माझ्या दुकानातून. विद्यापीठाच्या माणसाने लॅपटॉप आणून कटिंगच्या टेबलावर ठेवला, मेष्ट्रूला दोन गोष्टी शिकवल्या आणि साथीच्या भीतीने पळून गेला. त्या दोन गोष्टी अशा: बाण माणसाच्या चौकोनावर न्यायचा, आणि दाबायचं.

सकाळी मेष्ट्रु न्हाऊन, सफेद पँट घालून आला. खिशातून कागदाची पुडी काढली, गरडीची तांबडी माती कपाळाला लावली, चिमूटभर लॅपटॉपलाही लावली आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की समोरच्या शे-दोनशे चौकोनांतली माणसं दचकली. "सुरू!" म्हणाला.

पहिला तासभर मी हसून हसून मेलो. वेळ संपली की हा "साकु!" म्हणून ओरडायचा. साकु म्हणजे पुरे. एका प्राध्यापकाने ऐकलं नाही तेव्हा माझी लोखंडी मीटरपट्टी उचलून त्याने टेबलावर हाणली. लॅपटॉप उडाला, टेबलाचा कोपरा फुटला, सागवानी टेबल माझ्या बापाचं. मी शिव्या दिल्या, त्या सगळ्या विद्यापीठाने ऐकल्या. "अण्णा, तू गप्प बस, मेळा चालू आहे," तो म्हणाला. त्यानंतर मात्र प्रत्येक वक्ता अकरा मिनिटांतच थांबायला लागला.

पण सकाळपासून त्याचं लक्ष एकाच नावाकडे होतं. यादीत शेवटून चौथी पुट्टी. तिने मांडायला नको म्हटलं होतं, यानेच फोनवर ओरडून तिला तयार केलं होतं. "तुझी बारा मिनिटं माझ्याकडे आहेत. कुणाला हात लावू देणार नाही," असं तिला बोलला होता, माझ्यादेखत. गावात फोनला रेंज नाही, म्हणून पोरगी बेट्टदपुरची टेकडी चढून वर देवळाजवळ दगडावर बसली होती. मागे नुसतं आभाळ आणि वारा.

तिची पाळी आली. ती कानडीत बोलली, मी माझ्या भाषेत लिहितो. ती म्हणाली, "माझी कल्पना अशी की प्रत्येक वसतिगृहात आठ मुलींना मेलेलं माणूस उचलायला शिकवावं. का ते सांगते. माझी अज्जी साथीत गेली. तिला उचलायला गावातला एकही पुरुष आला नाही." एवढं झालं आणि अध्यक्ष मध्येच बोलले. चष्मा पुसत, अगदी हळू. "बाळ, आम्हाला वाईट वाटतं. पण ही कल्पना नाही. ही एक घटना आहे. इथे कल्पना मांडायच्या असतात. पुढचा वक्ता घ्या."

"दोनच मिनिटं झालीत तिची," मेष्ट्रु म्हणाला. "दहा आहेत अजून. बोल ग पुट्टी, बोल." आणि तिच्या चौकोनावर बाण नेऊन त्याने जाड बोटाने दोन-तीनदा दाबलं, एखाद्याची पाठ थोपटावी तसं.

पुट्टीचं तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता.

"आवाज सोडा तिचा," मेष्ट्रु अध्यक्षांना म्हणाला. आवाज बंद करायची सोय अध्यक्षांकडेही होती, हे आम्हाला सकाळी सांगितलं होतं.

"मी धरलेला नाही."

"सोडा म्हणतो."

"अहो, खेड्यात असं होतंच. रेंज नसेल. पुढे चला." आणि ते थोडं हसले. ते हसले नसते तर, असं मला पुष्कळदा वाटतं.

मेष्ट्रु उठला. खुर्ची मागे पडली. "अण्णा, कुणाला उठू देऊ नकोस," म्हणाला आणि स्कूटर काढून गेला. फोन टेबलावरच राहिला. मला वाटलं लघवीला गेला असेल. मग स्कूटरचा आवाज हूटगळ्ळीकडे, अध्यक्षांच्या घराच्या दिशेला, जाताना ऐकला.

शे-दोनशे शिकलेली माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी म्हणालं, हे कोण? मी म्हटलं, "मी गाऊनवाला. बसा सगळे."

"पण कार्यक्रम..."

"बसा म्हटलं ना! येतोय तो." मी मीटरपट्टी हातात घेतली. नुसती घेतली. "तुमच्यातल्या निम्म्यांचे खांदे मला पाठ आहेत. ते सर, हो तुम्ही, निळा सदरा, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. चाळीस वर्षं मी ते कापडात लपवलं. तुम्ही कधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीत. आज पाहा."

कुणी उठलं नाही. पंधरा-वीस मिनिटं मी बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण चांगलं बोललो. पुट्टीही तिथेच दगडावर बसून होती, ओठ मिटून, वाट बघत. मग एक बाई, ग्रंथालयातल्या, म्हणाल्या, "टेलर मामा, एक सांगू? त्या मुलीचा आवाज तुमच्याच मशीनवरून बंद झालाय. मेष्ट्रूंनी दाबलं तेव्हाच. तिच्या चौकोनावर बाण न्या आणि पुन्हा एकदा दाबा."

मी उभ्या जन्मात तसल्या यंत्राला हात लावला नव्हता. मांडीला बोट पुसलं आणि दाबलं. आधी वाऱ्याचा घुरघुराट आला. मग पुट्टी म्हणाली, "ऐकू येतंय का?"

तेव्हा मला कळलं की तिकडे एक माणूस चुकीने मार खाणार आहे. मी ओरडलो, "अध्यक्ष सर, दाराला कडी घाला! कुणी आलं तरी उघडू नका!" ते म्हणाले, "साथीचे नियम मला माहीत आहेत, मामा." आणि पुट्टीकडे वळून, "ठीक आहे, थोडक्यात सांग." तेवढं त्यांनी म्हटलं, हे मी नाकारत नाही.

पुट्टी बोलायला लागली. आरोग्यखात्याचा माणूस दारात प्लास्टिकचे दोन अंगरखे ठेवून गेला. घरात बायका चार: ती, आई, काकू आणि शेजारची एक. अंगरखे दोन. तिरडी त्यांनीच बांधली, तिघींना गाठ येत नव्हती. न्यायचं ते शेत अर्ध्या कोसावर. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावल्या, आणि एका घरावरून दगड आला, लवकर न्या म्हणून. तो आईच्या कपाळाला लागला. रक्त डोळ्यात गेलं, आईचा पाय घसरला, बांबू मोडला आणि अज्जी डोक्यावर पडली. "माणसाचं डोकं रस्त्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला," पुट्टी म्हणाली. "ती मेलेली होती तरी मी तिला विचारलं, लागलं का अज्जी?"

तेवढ्यात अध्यक्षांच्या चौकोनातून दारावरची घंटा ऐकू आली. "सर, नको!" मी ओरडलो. ते मुखपट्टी नीट कानाला अडकवून उठले आणि चौकोनाबाहेर गेले.

पहिली थप्पड आम्हाला दिसली नाही, ऐकू आली.

मग दोघं आत आले, म्हणजे मेष्ट्रूने त्यांना कॉलरला धरून आणलं. मुखपट्टी एका कानाला लोंबत होती. मेष्ट्रूचा सदरा पाठीवर फाटलेला होता आणि ओठ फुटला होता. नंतर कळलं, त्या वसाहतीच्या तोंडाशी बाहेरच्यांना अडवायला लोक बांबू बांधून बसले होते. त्यांनी याला काठ्यांनी बडवला आणि हा काठ्या खात स्कूटर ढकलत आत घुसला. त्यांच्यातल्या एकाला त्याने गटारातही घातलं होतं, पण ते वेगळं.

आत संगणकातून पुट्टीचा आवाज येत होता. मेष्ट्रु थबकला. "हे काय? आवाज येतोय?"

"तुमच्याकडूनच बंद झाला होता!" अध्यक्ष किंचाळले. गालावर चार बोटं उठली होती, पण गडी कच्चा नव्हता. "तुम्हीच बंद केलात, अडाणी माणसा! आणि अजून सांगतो, ही घटना आहे! कल्पना नाही!"

दुसरी थप्पड आम्ही सगळ्यांनी पाहिली. चष्मा उडून संगणकावर आपटला. कुणीतरी बाई किंकाळली, दहा-बारा चौकोन एकदम काळे झाले. आणि पुट्टी गप्प झाली.

"थांबू नकोस," मेष्ट्रु तिला म्हणाला. अध्यक्षांची कॉलर त्याने सोडली नव्हती. ओठातलं रक्त हनुवटीवरून गळत होतं. मी इकडून ओरडलो, सहा उरलीत, तसा तो तिला म्हणाला, "तुझी सहा मिनिटं आहेत. बोल."

पोरगी शूर. तिने एकदा खाली गावाकडे पाहिलं आणि तुटलेल्या बांबूपासून पुढे सांगितलं. त्या चौघींनी पुन्हा कसं उचललं, एकीने दमल्यावर दुसरीने कोपरा कसा घ्यायचा, आठजणी असत्या तर काय केलं असतं, मुलींना रोज किती वेळ शिकवायचं, कशावर शिकवायचं, मैदान सकाळी किती वाजता रिकामं असतं. सगळं ठरवून आली होती. अध्यक्ष मान वाकडी करून ऐकत होते, ऐकण्याशिवाय त्यांना काही करता येत नव्हतं. मिनिटभराने मात्र मी पाहिलं, कॉलर नुसती धरलेली होती, ओढलेली नव्हती, आणि ते तसेच उभे होते. वेळ संपली तेव्हा तिला गप्प करायला कुणी ओरडलं नाही. ती आपणच बारा मिनिटांत थांबली.

चौकशी बसली. दरम्यान मेष्ट्रु माझ्याकडे आला, पाठ अजून काळीनिळी. "अण्णा, खरं सांग. आवाज मी बंद केला?" मी होय म्हटलं. मला वाटलं, आता माझे उरलेले दात जातात. त्याने टेबलाच्या फुटलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

हूटगळ्ळीत बांबूवाल्यांनी या वेळी बांबू स्वतःच उचलला. अध्यक्षांनी दार साखळीच्या फटीएवढं उघडलं.

"सर, मी दोन मारल्या," मेष्ट्रु म्हणाला. "पहिली चुकीची होती. ती परत करायला आलोय. मारा." आणि त्याने गाल पुढे केला.

"मी कुणाला मारत नाही."

"मग ती माझ्याकडे राहील, सर. मला झोप येत नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी बरोबर होती. ती तुमची."

अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग साखळी काढली, बाहेर आले आणि मारली. जन्मात कधी कुणाला मारलं नसावं. अंगठा आत दुमडून, मनगट सैल सोडून. मेष्ट्रूला काही झालं नाही, यांचाच हात लचकला. मेष्ट्रूने तिथेच पायरीवर बसून त्यांचं मनगट चोळून दिलं. "अंगठा बाहेर ठेवायचा, सर," म्हणाला. दोघं हसले नाहीत. मी हसलो, तर दोघांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

चौकशीत त्याने माफी लिहून दिली असती तर नोकरी राहिली असती. निवृत्तीला थोडेच महिने होते. मीसुद्धा म्हटलं, लिही, कागदाला काय लागतं. त्याने लिहिलं, "मारलं. एक चुकून, ती फिटली. एक समजून." त्याला काढलं. मेळ्याचं चित्रण विद्यापीठाने सगळ्यांसाठी ठेवलं होतं, त्यातून पुट्टीची बारा मिनिटं कापून टाकली, कारण थप्पड त्यातच होती. पोरीचे शब्द गेले. जे ऐकणाऱ्यांच्या कानात राहिले तेवढेच.

आणि मेष्ट्रूच्या कानात तेही पुरे नव्हते. हे त्याला मागाहून उमगलं. ज्या बारा मिनिटांसाठी नोकरी घालवली त्यातली मधली चार तो हूटगळ्ळीच्या वाटेवर होता. म्हणून रोज दुपारी माझ्या दुकानात यायचा, ठाणाला टेकून बसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, मधलं सांग." पुट्टीला फोन करून विचार, मी म्हणायचो. "तिला पुन्हा ते सगळं बोलायला लावू? डोकं आहे का तुला?" मग मी मशीन थांबवून सांगायचो. दोन अंगरखे, गाठ, दगड, आईचं कपाळ. मी एखादा शब्द गाळला तर तो गुडघ्यावर बुक्की मारायचा. "काल दगड घरावरून आला म्हणालास. आज नुसताच आला?" मी सांगत सांगत अज्जी पडली तिथवर आलो की तो हात वर करायचा. "बस. पुढचं मी ऐकलंय." आणि उठून जायचा.

पुढच्या वर्षी साथ पुन्हा उलटली तेव्हा तिने त्याला धरलं. एवढा माणूस, खांबाला ठोसे मारणारा. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. त्याने पहिल्या दिवशी नाकावरची नळी ओढून एका वॉर्डबॉयला मारायला हात उगारला, असं कळलं, आणि मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्याचा फोन आला. श्वास असा, जसा भाता फाटलाय.

"अण्णा. सांग."

मी सांगितलं. काही गाळलं नाही. अज्जी पडली तिथे थांबलो, नेहमीसारखा.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे काय? पुढचं तू ऐकलंयस. तू होतास तिथे."

"तरी सांग."

"ऐकलेलं पुन्हा कशाला? धाप लागतेय तुला. पड गप्प. उद्या सांगतो."

"सांग रे, अण्णा."

मी नाही सांगितलं. मी एकदा नाही म्हटलं की नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. फोन ठेवला आणि मुखपट्ट्या शिवायला बसलो. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला.

सहा मिनिटांचं काम होतं. मला दुसरं काही काम नव्हतं.